सेकंडहँड टोयोटा घेताना नावाचे पैसे किती द्यायचे आणि गाडीचे किती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, घरात माणसं जास्त आणि जुनी सात सीटर हुडकायची ठरली की पहिलं नाव इनोव्हाचंच निघतं, त्याच्याआधी क्वालिसचं निघायचं. आणि त्या नावाचा भाव बाजारात असा चढलेला असतो की त्याच वर्षाची, तेवढंच रनिंग झालेली दुसऱ्या कंपनीची गाडी बरीच खाली मिळते, तरी लोक वरचे पैसे टोयोटालाच देतात. द्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः त्याच मताचा आहे. पण ते वरचे पैसे कशाचे देतोय हे कळायला पाहिजे, कारण नाव कंपनीनं कमावलंय आणि गाडी आधीच्या मालकानं वापरलीय, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दलाल ह्या दोन्ही एकाच पुडीत बांधून विकतो. म्हणून आधी इतिहास सांगतो, मग गाडी कशी बघायची ते, आणि मग कागदपत्रं, कारण आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र बॉर्डरवर त्याचा घोळ वेगळाच असतो. इतिहास सोडून थेट खाली जाऊ नका, गाडी बघायला गेल्यावर तोच कामाला येतो.

मागावरून गाडीवर

बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबाग ह्या विणकरांच्या भागातल्या माणसाला टोयोटा समजावून सांगणं लई सोपं, कारण ही कंपनी मुळात मागाची. साकिची टोयोडा हा १८६७ चा जन्म, सुताराचा मुलगा, आई घरात मागावर बसायची. हातमागात सुधारणा करत करत त्यानं १८९१ ला पहिलं पेटंट मिळवलं आणि १९२४ ला जी टाइप नावाचा ऑटोमॅटिक माग काढला. त्या मागात बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कांडी संपत आली की माग चालू असतानाच धोटा आपोआप बदलायचा, आणि ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा जरी तुटला तरी माग जागच्या जागी थांबायचा. ही दुसरी गोष्ट खरी मोठी आहे. ज्यानं पॉवरलूमवर दिवस काढलेत त्याला विचारून बघा, तुटलेला धागा वेळेवर ध्यानात आला नाही तर हात-दोन हात कापड खराब विणून होतं आणि मग व्यापारी त्या साडीचा भाव पाडून मागतो. माग स्वतःच थांबला की चूक तिथंच सापडते, पुढच्या कापडात जात नाही, आणि एकेका मागाजवळ एकेक माणूस उभा करायची गरज राहत नाही, एकटा माणूस पुष्कळ माग सांभाळतो.

१९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं ह्या मागाचे हक्क १ लाख पौंडाला घ्यायचा करार केला. मागाच्या धंद्यात इंग्रज म्हणजे त्या काळचे गुरू, त्यांनी जपान्याकडून पेटंट विकत घेतलं ही काय साधी गोष्ट नव्हती. साकिचीचा मुलगा किइचिरो, त्याला मोटारीचं वेड, त्यानं १९३३ ला मागाच्या कारखान्यातच मोटारीचं डिपार्टमेंट उघडलं, १९३५ ला जी-वन नावाचा ट्रक काढला, १९३६ ला एए नावाची कार, आणि १९३७ ला टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली.

आता इथं जरा थांबून वाचा, कारण लोकांना वाटतं टोयोटा पहिल्यापासूनच अशी दणकट. तसं काही नाही. तो जी-वन ट्रक सारखा रस्त्यात बंद पडायचा, आणि कंपनीची माणसं जिथं ट्रक अडकलाय तिथं जाऊन दुरुस्त करून द्यायची आणि काय मोडलं ते कारखान्यात येऊन सांगायची. १९५० ला तर कंपनी बुडायच्या बेतात आलेली, बँकांनी अटी घालून पैसे दिले, कामगार कमी करावे लागले, मोठा संप झाला आणि किइचिरोनं जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकन फौजेनं ट्रकच्या ऑर्डरी दिल्या, त्यावर कंपनी तरली. पुढं १९५७ ला क्राऊन कार घेऊन अमेरिकेत गेले तर तिथल्या लांब हायवेवर, वेगात, इंजिन तापायला लागलं, गाडीला दमच पुरेना, शेवटी विक्री थांबवून परत यावं लागलं. मग १९६५ ला कोरोना घेऊन गेले तेव्हा बस्तान बसलं. १९६६ ला कोरोला आली, आणि तिनं तर पुढं ५ कोटींच्या वर गाड्यांचा आकडा गाठला.

मधल्या काळात काय बदललं? कारखान्यातली पद्धत. एइजी टोयोडा १९५० ला अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आला, ताइची ओनो म्हणून इंजिनिअर होता, मूळचा मागाच्या कंपनीतलाच, त्यानं मागाचा तो नियम मोटारीच्या लाइनवर आणला. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला बोल्ट चुकीचा बसलेला दिसला, पार्ट हलका वाटला, की डोक्यावरची दोरी ओढायची, दिवा लागतो, सुपरवायझर पळत येतो, आणि तिथल्या तिथं सुटलं नाही तर लाइन थांबते. थांबवली म्हणून कुणी ओरडत नाही. आणि नुसता पार्ट बदलून मोकळं व्हायचं नाही, असं का झालं हे पाच वेळा विचारायचं. दुसरी गोष्ट, जेवढं लागतं तेवढंच, लागतं तेव्हाच बनवायचं, माल साठवून ठेवायचा नाही, कारण साठ्यात खोट लपून राहते. बेळगावच्या उद्यमबागमधल्या बऱ्याच मशीन शॉपमध्ये भिंतीवर जपानी शब्दांचे बोर्ड लावलेले दिसतात ते सगळे ह्याच घराण्यातून आलेले.

तर टोयोटाचं नाव आहे ते ह्याचं. चूक होत नाही असं नाही, चूक सापडली की थांबतात, म्हणून नाव. हे डोक्यात पक्कं ठेवा.

किर्लोस्कर आपलेच

भारतात टोयोटानं भागीदारी केली ती किर्लोस्करांशी, म्हणून हा भाग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ ला जन्मले ते आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. त्या नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना, लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांच्या मनात होतं. नांगर वापरून बघितल्यावर मग विश्वास बसला. पुढं बेळगावच्या म्युनिसिपालिटीनं जागा खाली करायला सांगितली आणि औंधच्या राजेसाहेबांनी बोलावून जागा दिली, म्हणून १९१० ला कारखाना कुंडलजवळ गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात आज किर्लोस्कर रोड राहिलाय, बाजाराला जाता येता आपण रोज तुडवतो.

ह्या घराण्याची टोयोडा मंडळींशी गाठ पडली ती गाडीच्या आधी कापडाच्या मशिनरीत, १९९५ ला बंगळूरजवळ दोघांनी मिळून सूतगिरणीची मशिनं बनवायची कंपनी काढली. मग १९९७ ला टोयोटा किर्लोस्कर मोटर, विक्रम किर्लोस्कर त्या घराण्यातल्या चौथ्या पिढीचे, ते २०२२ ला वारले. बिडदीचा कारखाना १९९९ च्या शेवटी चालू झाला आणि जानेवारी २००० ला क्वालिस बाजारात आली. इंडोनेशियात चालणाऱ्या किजांग गाडीवर बेतलेली, दिसायला चौकोनी डबा, पेपरवाल्यांनी तेव्हाच जुनाट म्हटलं. पण टॅक्सीवाल्यांनी आणि मोठ्या कुटुंबांनी उचलून धरली, कारण बंद पडत नव्हती. २००५ ला चांगली खपत असतानाच ती बंद करून इनोव्हा आणली. २०१६ ला इनोव्हाचीच पुढची पिढी, क्रिस्टा. २०२२ च्या शेवटी त्यानंतरची इनोव्हा, हायक्रॉस दाखवली.

नावाला डाग पण लागलेत

ते पण सांगतो, नाहीतर मी एजंट आणि तुम्ही गिऱ्हाईक असं होईल. २००९-१० ला अमेरिकेत गाडी आपोआप पळते अशा तक्रारी आल्या, पायाखालची मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकायची, काही गाड्यांत पेडल चिकटायचं, लाखो गाड्या परत बोलावल्या, किइचिरोचा नातू आकिओ टोयोडा अमेरिकेच्या संसदेसमोर जाऊन माफी मागून आला. आणि २०१४ ला १२० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं, का तर कंपनीनं लोकांना खरी माहिती वेळेवर दिली नव्हती. डिसेंबर २०२३ ला टोयोटाच्याच मालकीच्या दायहात्सू कंपनीनं सेफ्टीच्या टेस्टमध्ये गडबड केल्याचं उघड झालं, ६४ मॉडेलं त्यात होती. जानेवारी २०२४ ला डिझेल इंजिनाच्या पॉवर टेस्टमध्ये गोंधळ निघाला म्हणून आपल्याकडं क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स ह्यांची डिलिव्हरी काही दिवस थांबवलेली.

ह्या सगळ्यात एक सूत्र दिसतं. जिथं दोरी ओढली नाही तिथं नाव गेलं. त्यामुळं कुणी म्हणालं की टोयोटा आहे, डोळे झाकून घ्या, तर डोळे अजून उघडे ठेवायचे.

आधी ठरवा, कुठली टोयोटा

बॅज एकच असला तरी आतल्या गाड्या दोन घरच्या आहेत. २०१८ ला टोयोटा आणि सुझुकीचा एकमेकांना गाड्या द्यायचा करार झाला. त्यातून २०१९ ला ग्लँझा आली ती म्हणजे बलेनो. पहिली अर्बन क्रूझर म्हणजे ब्रेझा, रुमियन म्हणजे अर्टिगा, टायझर म्हणजे फ्राँक्स. वाईट आहेत असं अजिबात नाही, ॲव्हरेज चांगलं, पार्ट स्वस्त, पण क्वालिस-इनोव्हानं वीस वर्षांत कमावलेल्या नावाचे पैसे जुन्या ग्लँझाला देऊ नका. त्याच वर्षाच्या बलेनोचा भाव काढा आणि तिथून बोलायला सुरुवात करा. हायरायडरचं जरा वेगळं, ती बिडदीतच बनते, आणि सुझुकीची ग्रँड व्हिटारा पण तिथंच बनत आली.

आता मूळ टोयोटा. क्वालिस आता वीस वर्षांच्या वरची झाली, ती हौसेनं घ्यायची गाडी, रोजच्या कामाला नको. इटिऑस आणि लिवा २०२० ला बंद झाल्या पण छोट्या कुटुंबाला अजूनही लई चांगला सौदा, आतलं प्लास्टिक साधं आहे, म्हणून भाव कमी राहतो, आणि तेच आपल्या फायद्याचं. जुनी इनोव्हा २००५ ते २०१६, २.५ लिटर डिझेल, बाजारात सगळ्यात जास्त हीच मिळते. क्रिस्टा २.४ डिझेल, मध्ये काही वर्षं २.८ ऑटोमॅटिक पण होती. जुनी इनोव्हा आणि क्रिस्टा दोन्ही खाली ट्रकसारख्या चेसिस फ्रेमवर, मागच्या चाकाला ओढ. हायक्रॉस वेगळी, फ्रेम नाही, पुढच्या चाकाला ओढ, पेट्रोल, वरच्या मॉडेलला हायब्रिड. हायब्रिड घेत असाल तर बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते, त्यातली किती उरलीय ते पहिल्यांदा बघा.

माझं मत विचाराल तर शेती, देवदर्शन, लग्नसराई, वर्षातनं चार वेळा चोर्ल्यातनं गोवा, असा वापर असेल तर पहिल्या मालकाची घरगुती जुनी इनोव्हा. ती हुडकायला वेळ लागतो, पण घाई नको.

गाडी बघायला जाताना

सकाळी लवकर जावा, आणि आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर त्या दिवशी तसेच घरी जावा, उद्या सकाळी येतो म्हणून सांगा. थंड इंजिनाला पहिली किल्ली कशी लागते, किती वेळ घेते, पहिला धूर कसला येतो, ह्यातच डिझेलचं निम्मं कळतं. पांढरा-निळसर धूर येऊन थांबतच नसेल, किंवा इंजिन थरथर कापत असेल तर इंजेक्टरचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टचं, काम असू शकतं, आणि कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर म्हणजे मोठा खर्च. मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. झाकण थोडं हलतं, ते चालतं. टणाटण उडायला लागलं, आतनं धूर फुसफुसत बाहेर आला, तर पिस्टन रिंगा गेल्यात, इंजिन खोलायचं आलं. हे बघायला मिनिटभर लागतं आणि विकणाऱ्याचा चेहरा पण तेवढ्यात वाचून होतो.

जुन्या इनोव्हाच्या डिझेलला टायमिंग बेल्ट असतो, क्रिस्टाला चेन. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून पैसे कमी करा आणि गाडी घेतल्या घेतल्या बदलून टाका, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग सगळंच गेलं. बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या, क्रिस्टाला सायलेन्सरमध्ये काजळी अडकवायचा फिल्टर असतो, नुसती गावात फिरवलेली गाडी असेल तर तो तुंबलेला असू शकतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो का बघा.

ट्रायल घेताना गल्लीत एक चक्कर मारून परत येऊ नका. चार-पाच माणसं घालून हायवेनं वंटमुरी घाट चढवा, एसी लावून, वरच्या गिअरमध्ये. टेम्परेचरचा काटा जागा सोडतो का, मागं काळा धूर किती, क्लच घसरतो का, म्हणजे आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असं होतं का. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरत असेल तर डिस्क गेल्या. चाळीस ते साठच्या वेगात मागच्या बाजूनं हूं असा एकसारखा आवाज येत असेल तर डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांना ओढ वाटून देणारे गिअर, बघायला पाहिजेत. परत येताना टिळकवाडीत रेल्वेच्या रुळावरनं हळू घाला, खिडक्या खाली करून, पुढच्या आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट गेले असतील तर टकटक ऐकू येतं. मागच्या सीटवर बसून मागचा एसी पण बघा, तो विसरतात सगळे.

रनिंग आणि टॅक्सी

मीटरवरचं रनिंग हे नुसतं ऐकून सोडायचं. पेडलचं रबर, स्टीअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची उजवी कड, ह्या तीन गोष्टी मीटरशी जुळल्या पाहिजेत. पेडलचं रबर नवंकोरं आणि बाकी गाडी जुनी, तर का बदललं ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. काचांवर पण कंपनीचा मार्क असतो, सगळ्या काचा एका काळच्या पाहिजेत, एकच दरवाजाची काच वेगळी म्हणजे त्या बाजूनं धडक असू शकते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीची हिस्ट्री असते, विकणाऱ्याला सोबत घेऊन जावा आणि शेवटच्या सर्व्हिसचं रनिंग बघा. दाखवायला कुणी का कू करत असेल तर तिथंच उठा. त्याच वेळी चेसिस नंबर देऊन कुठला रिकॉल, म्हणजे कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावलेलं काम, बाकी आहे का ते पण विचारा. फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर स्वतः वाचा, आरसीशी एकेक अक्षर जुळवा. बिडदीच्या गाड्यांचा नंबर एमबीजे अक्षरांनी सुरू होतो. नंबराच्या भोवती वेल्डिंग, घासल्याच्या खुणा, ताजा काळा रंग दिसला तर पुढं बोलणंच नको.

आपल्याकडं जुन्या इनोव्हातल्या कितीतरी आधी पिवळ्या पाटीवर फिरलेल्या आहेत, गोवा भाडं, एअरपोर्ट, सौंदत्ती, पंढरपूर. पिवळ्याची पांढरी करणं कायदेशीर आहे, फसवणूक होते ती न सांगण्यात. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, लोन आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत, हे बघा, आणि आरटीओत जुनी नोंद कसल्या गाडीची होती ते पण काढा. गाडीत खाली वाकून टॅक्सीचा वेग अडवणाऱ्या स्पीड गव्हर्नरच्या कापलेल्या वायरी आहेत का बघा, नंबरपाटीच्या मागं पिवळा रंग राहिलाय का बघा. टॅक्सी होती हे कळल्यावर घेऊच नये असं मी म्हणणार नाही, सर्व्हिस वेळेवर झालेली टॅक्सी ही पडून राहिलेल्या घरच्या गाडीपेक्षा बरी असते, पण भाव टॅक्सीचा द्यायचा.

पुराची गाडी

हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं आणि बाहेरचा कुठला माणूस हे सांगणार नाही. ऑगस्ट २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्यांनी पात्र सोडलं, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, सांगली-कोल्हापूरकडं तर गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्या गाड्या कुठं गेल्या? धुऊन-पुसून बाजारातच आल्या.

बघायचं असं. ड्रायव्हरचा सीट बेल्ट हळू ओढत शेवटपर्यंत बाहेर काढा, पार गुंडाळीचा तळ येईपर्यंत. वरचा दोन फूट पट्टा सगळेच धुतात, पण आतला शेवटचा भाग कुणी धूत नाही, तिथं मातकट रेघ दिसली, पट्टा कडक लागला, नाकाला लावल्यावर ओल्या गोणपाटाचा वास आला, तर ती पुराची. मग सीटच्या खालचे रूळ बघा, त्यावर गंज आहे का. मॅट नव्हे, मॅटच्या खालचं कार्पेट कोपऱ्यातनं उचला. डॅशबोर्डच्या खाली हात घालून वायरिंगच्या जोडावर हिरवट बुरशी आहे का. गाडीत सेंटचा वास जरा जास्तच मारत असेल तर संशय घ्यायचाच. फ्रेमवाली गाडी चिखलानं मरत नाही, पण पुढं दोन वर्षं इलेक्ट्रिकचं एकेक भूत निघत राहतं, आज खिडकी, उद्या सेन्सर, आणि मेकॅनिकला पण सापडत नाही. गोवा-कोकणातल्या गाड्यांना दुसरा त्रास, खाऱ्या हवेनं खालची फ्रेम गंजते, म्हणून पिटवर घेऊन खालनं स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, पापुद्रे निघाले की सोडा.

ह्या सगळ्यात एक नियम मी सगळ्यांना सांगतो, एक धागा तुटलेला दिसला की माग थांबवायचा. बाकीचं कापड कितीही सुंदर असू दे. दलाल म्हणेल, “काय ओ सावकार, एवढ्याशा गोष्टीला सोडताय, संध्याकाळी दुसरा घेऊन जाणार आहे.” जाऊ दे की घेऊन. इनोव्हा काय बनायच्या बंद झाल्यात?

बॉर्डरवरचे कागद

एमएच झिरो नाइन, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, स्वस्त मिळाली म्हणून लोक कोल्हापूरहून गाडी आणतात. स्वस्त का असते ते समजून घ्या. दुसऱ्या राज्याची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला लाइफटाइम टॅक्स भरावा लागतो, तो गाडीचं वय आणि मूळ किंमत ह्यावर ठरतो, आणि कर्नाटकाचा टॅक्स हलका नाही. म्हणून सौदा ठरवायच्या आधी आरटीओत जाऊन त्या गाडीला टॅक्स किती बसेल ते विचारून या, मग तो आकडा किमतीत मिळवा, मग केए ट्वेंटी-टूच्या, म्हणजे बेळगाव पासिंगच्या, गाडीशी तुलना करा. बऱ्याच वेळा इथलीच परवडते.

तरी आणायचीच असेल तर कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्यानंच काढून द्यायची, पैसे पूर्ण द्यायच्या आधी. थकलेली चलनं भरलेली पाहिजेत नाहीतर एनओसी अडते. गाडीवर लोन असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय इसाराच्या पलीकडं एक रुपया देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, इथला नवा नंबर घ्यायला फॉर्म २७. एमएचच्या आरसीवर पत्ता निपाणीच्या पलीकडच्या पाहुण्याचा ठेवून इथं गाडी फिरवणारे पण आहेत, चेकिंगमध्ये सापडले की दंड आणि टॅक्स दोन्ही बसतं, आणि अपघात झाला तर क्लेमला त्रास वेगळाच, हा मार्ग धरू नका.

१५ वर्षं होत आलेली गाडी असेल तर आरसी रिन्यू करायची तारीख बघा, फिटनेस, ग्रीन टॅक्स, हे सगळं नव्या मालकाच्या अंगावर येतं, ते पण भावातनं कापून घ्या.

इसार देताना साध्या कागदावर का होईना लिहून घ्या, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत कागद देणार, आणि पुराची किंवा टॅक्सीची निघाली तर इसार परत, ही ओळ नक्की. ही शेवटची ओळ लिहायला जो तयार होत नाही त्याच्याकडं काहीतरी आहे. बाकीची रक्कम बँकेतनंच द्या. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळ पण लिहा, कारण त्या मिनिटाच्या आधीची चलनं त्याची आणि नंतरची तुमची.

फास्टॅग त्याचा त्यानं बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा, नाहीतर हत्तरगीच्या टोलवर पैसे कुणाच्या खात्यातनं गेले ह्यावर भांडण होतं. आणि इन्शुरन्स नावावर करून घ्यायचा अर्ज गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा, त्यामुळं फरकाची रक्कम भरावी लागते. ती भरून पावती गाडीतच ठेवा, आणि मगच घरच्यांना घेऊन सौंदत्तीला निघा.